आप्पांसाठी घेतलेला चाकू

आप्पा रिकाम्या हातानं कांदा कापायला लागले, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुपारची वेळ होती. ते अंगणात खाटेवर बसले होते. डाव्या हाताची बोटं आत वळवून खाटेच्या लाकडावर ठेवलेली आणि उजव्या हाताची मूठ त्यांच्याशेजारी भराभर खालीवर होत होती. मुठीत काही नव्हतं. मध्येच मनगट वळवून ते चिरलेलं बाजूला लोटत, पुन्हा सुरू करत. लाकडावर घासून घासून करंगळीची कातडी सोलवटली होती. मी हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. "गाडी आली का?" एवढंच विचारलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. दौंडला रेल्वेच्या कँटीनमध्ये त्यांनी उभी हयात स्वयंपाक केला. आई गेल्यावर काही महिने ते दौंडच्या घरात एकटेच राहिले. भाऊ त्याच गावात, पण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. आप्पांना तिथं करमत नव्हतं. मग शेजाऱ्यांचे फोन यायला लागले. आप्पा गॅस पेटता ठेवून स्टेशनवर गेलेत. आप्पा प्लॅटफॉर्मवर उभं राहून हमालांना जेवायला बोलावतायत. शिरूरच्या डॉक्टरांनी तपासून आजाराचं नाव सांगितलं आणि तो मागं फिरणारा नाही, हेही सांगितलं. "आमच्याकडं मोकळी जागा आहे," असं भावाला मीच म्हणाले आणि त्यांना मांडवगणला घेऊन आले.

आमचं घर गावाबाहेर आहे. पुढं रस्ता, मागं थोडं परसू, आणि परसू संपलं की दुसऱ्याचा ऊस. मी सकाळी जवळच्या रोपवाटिकेत कामाला जाते, दुपारी परत येते. नवरा कंपनीच्या कामगारांची बस चालवतो. त्याची पाळी मी आल्यावर सुरू होते. म्हणजे आप्पांजवळ कुणीतरी असायचंच.

त्यांच्या खिशात एक मिटणारा चाकू असायचा. एकदा पेरू कापताना तो त्यांच्याच बोटावर मिटला. मी पाहिलं तेव्हा धोतराला रक्त लागलं होतं, पेरूच्या फोडी लाल झाल्या होत्या आणि ते शांतपणे पुढची फोड कापत होते. दुखतंय हेच त्यांना कळलं नव्हतं. त्याच दिवशी नवऱ्यानं तो चाकू, घरातल्या सुऱ्या, माझी विळी, सगळं माळ्यावर नेऊन ठेवलं. भाजी चिरायची म्हटली की मी स्टुलावर चढून विळी काढायची आणि काम झालं की परत वर ठेवायची.

त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी रिकाम्या हातानं कापायला सुरुवात केली.

डॉक्टर म्हणाले होते, हातांना ज्या कामाची सवय आहे ते देत जा, नुसतं बसवून ठेवू नका. मी नवऱ्याला म्हटलं, "आपण त्यांना एक चाकू आणू. नीट बघून."

"चाकू द्यायचा मामांच्या हातात?" तो म्हणाला. "आन् उद्या मला वळखलं न्हाई तर?"

"ते तुम्हाला आत्तातरी कुठं वळखतात? रोज नव्यानंच जयभीम घालतात की."

तो हसला, पण त्याचं हसू लगेच मावळलं. कारण ते खरं होतं. नावं गेली होती, नाती गेली होती. दारात कुणीही आलं की जयभीम तेवढा तोंडातून निघायचा.

आधी नवऱ्यानं मोबाईलवर चाकू काढून दाखवले. काळी पाती, पाठीला करवतीचे दाते, मुठीवर बोटांच्या खाचा. मी म्हटलं, हे नको. शिरूरला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, घरात वापरायचा की बाहेर? मी म्हटलं दोन्हीकडं. भाजी चिरायची, मासे साफ करायचे, झाडाखाली बसून. त्यानं काउंटरवर बरेच मांडले. स्वयंपाकघरातले होते त्यांची पाती पातळ, जरा दाबलं की वाकणारी, आणि मुठी गुळगुळीत. ओल्या हातातून निसटतील अशा. बाहेरचे म्हणून दाखवलेले होते ते जड आणि टोकदार. एकाचं पातं मी माझ्या बोटांवर ठेवून मोजलं. चार बोटांहून जास्त नको, असं मनाशी म्हणाले. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय मोजतेय. बाकीची माणसं चाकू किती कापेल ते बघतात. मी तो किती आत जाईल ते बघत होते.

तिथं काही घेतलं नाही.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला आप्पांना बरोबरच नेलं. बाजाराच्या कडेला लोहारांचं एक कुटुंब बसलं होतं. पुढं पोत्यावर खुरपी, विळे, कोयते आणि चारदोन लहान चाकू. बाई ऐरणीवर घण मारत होती, म्हातारा चिमट्यात लोखंड धरून बसला होता. आप्पा पोत्यापुढं उकिडवे बसले आणि त्यांचे डोळे बदलले. एकेक चाकू उचलून ते पातं आणि मूठ जिथं मिळतात तिथं बोटावर तोलायचे, धारेवर अंगठा आडवा फिरवायचे आणि खाली ठेवायचे. "ह्यो न्हाई. ह्यो बी न्हाई." मग एक उचलला आणि ठेवलाच नाही. पातं बोटभर रुंद, माझ्या चार बोटांएवढं लांब, ट्रकच्या पाट्याच्या पोलादाचं. ते बाभळीच्या मुठीतून शेवटापर्यंत गेलेलं होतं, दोन खिळ्यांनी पक्कं केलेलं.

"गंजंल त्यो," बाई म्हणाली. "रोज पुसून त्याल लावायचं. स्टीलचा घ्या की, बघायला नको."

"धार कुणाची राहती?" आप्पांनी विचारलं.

"ह्याचीच राहती, बाबा."

"मग झालं."

मी बाईला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, टोक घासून गोल करून द्या. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग आप्पांकडं. ते आपल्या डाव्या तळव्यावर पातं चाचपत कुणाशीतरी हिंदीत बोलत होते. तिथं कुणी नव्हतं. बाईनं चाकू त्यांच्याकडून मागून घेतला. दगडावर टोक घासलं. पण चाकू परत देताना तिनं तो माझ्या हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला.

"हातात देत न्हाई आमी," ती म्हणाली. "इस्कोट व्हतो घरात."

आप्पांनी तो धुळीतून उचलला.

चप्पलवाल्याकडून मी त्याला जाड कातड्याचं म्यान शिवून घेतलं, वर पितळी बटन असलेलं. चाकू काढायचा तर बटन उघडावं लागे आणि ते उघडताना टक आवाज येई. मला तो आवाज हवा होता. नवऱ्याला हे मी सांगितलं नाही. पण थोड्याच दिवसांत तोही घरात बोलता बोलता मध्येच थांबून कान द्यायला लागला.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. परसात कडुलिंबाखाली मी आप्पांना चूल मांडून दिली. ते सकाळी आंघोळ करून कमरेला म्यान अडकवून तिथं जाऊन बसायचे, ड्यूटीवर गेल्यासारखे. कांदा असा बारीक पडायचा की डोळ्याला पाणी यायच्या आत तो संपलेला असायचा. करंगळी बरी झाली. भीमेवरनं मासेवाला आठवड्यातून दोनदा सायकलवर चिलापी घेऊन यायचा. त्या आप्पा तिथंच फरशीवर साफ करायचे. खवले, कल्ले, पोटातलं सगळं एका ताटलीत काढून ठेवायचे. कालवण मात्र पन्नास माणसांच्या मापानं व्हायचं. आम्ही आसपासच्या वस्तीवर वाटून टाकायचो.

मग एका दुपारी मी रोपवाटिकेतनं आले, नवरा बस घेऊन गेला, आणि मी परसात गेले तर आप्पा उभे राहिले. टक आवाज झाला.

"कोण तू?"

"आप्पा, मी."

"कुणाला इचारून आत आलीस? रोज माल कमी भरतोय. तांदूळ कमी, त्याल कमी." चाकू त्यांनी माझ्याकडं रोखला नव्हता, नुसता हातात धरला होता, कांदा कापताना धरतात तसा. तेच जास्त वाईट होतं. "साहेबाला मी काय सांगू?"

मी मागं सरकले तर ते पुढं आले. त्यांच्या नजरेत मला मी कुठंच दिसले नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी ओरडले असते तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. तोंडाला आलं ते बोलले: "मला नवीन लावलंय कामाला. कांदा किती कापायचा, ते इचारायला आले."

ते थांबले. "पाच किलो," म्हणाले. "आन् हात धुऊन ये आधी."

मी हात धुऊन आले. त्यांच्यासमोर बसून कांदे सोलले. त्यांनी ते कापले. मी पदर मांडीवर दाबून धरला होता. रात्री नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "उद्याच्या उद्या चाकू काढून घे." मी हो म्हटलं. सकाळी आप्पांनी मला नावानं हाक मारली, कितीतरी दिवसांनी, आणि मी चाकू काढून घेतला नाही.

त्याच सुमारास ते 'त्या'च्याबद्दल बोलायला लागले.

"त्यो आला व्हता," एक दिवस जेवताना म्हणाले.

"कोण?"

"तिकडं बसतो." हात उसाकडं. "बोलत न्हाई काय. नुसता बघतो."

नवरा काठी घेऊन उसाच्या कडेनं फिरून आला. कुणी नव्हतं. पोल्ट्रीवरचा एखादा परप्रांतीय गडी येऊन बसत असेल, असं त्याला वाटलं. डॉक्टर म्हणाले, भास होतात या आजारात, आणि एक गोळी वाढवली. आप्पा गोळी घ्यायचे आणि पुन्हा सांगायचे. त्यो आज लवकर आला. त्यो भुकेला हाय, पोट पार पाठीला लागलंय. गरीब हाय बिचारा.

आमच्या भागात बिबट्या नवा नाही. ऊस आहे तिथं तो आहे. त्या दिवसांत नदीच्या बाजूला त्यानं शेळ्या नेल्या होत्या. रोपवाटिकेत बायका एकीनं पाठ केली की दुसरीनं बघायचं, अशा काम करत होत्या. मी रोज त्याच्याबद्दल ऐकत होते, बोलत होते. तरीही आप्पांचा 'तो' आणि हा बिबट्या यांची सांगड माझ्या डोक्यात बसली नाही. आप्पा त्याच्याबद्दल माणसासारखं बोलायचे.

पण काही गोष्टी मला दिसत होत्या. मासे साफ केल्यावरची ताटली स्वच्छ असायची. आप्पा खड्डा करून पुरत असतील, असं मी धरून चालले. दुपारी परसात येणारी मांजर येईनाशी झाली. रस्त्यावरचं कुत्रं, जे कालवणाच्या वासानं चुलीपर्यंत यायचं, ते आता घराच्या पुढच्या बाजूलाच थांबायचं. मी भाकरी दाखवून मागं बोलावलं तर त्यानं पाय रोवले, मान खाली घातली आणि नवऱ्याच्या मोटारसायकलीखाली जाऊन बसलं.

नंतर उसाला पाणी सुटलं. दुसऱ्या दिवशी मी आप्पांचं धोतर वाळत घालायला मागं गेले, तर परसाच्या कडेला, बांधाच्या चिखलात ठसे होते. एक गादी आणि वर चार बोटं. नखं उमटलेली नव्हती. मी तळवा शेजारी धरून पाहिला. जवळपास तेवढाच होता. ठसे उसातनं निघून सरळ चुलीच्या रोखानं आले होते आणि तिथं जरा अलीकडं जमीन कोरडी होती म्हणून संपले होते.

नवऱ्यानं वनखात्याला फोन केला. दोघं जण आले, ठशांवर पट्टी ठेवून फोटो काढले. त्यातल्या वयस्क माणसानं फरशीवर वाळलेले खवले पाहिले आणि विचारलं, "मासे हितं साफ करता?"

"व्हय."

"घाण कुठं टाकता?"

मी आप्पांकडं पाहिलं. आप्पा म्हणाले, "टाकत कशाला? त्यो खातो की."

पट्टी धरलेला दुसरा माणूस उसाकडं बघायला लागला. मग तो वयस्क माणूस मला म्हणाला, "ताई, उद्या पिंजरा आणतो. तवर आजोबांना घरात ठेवा. त्याला हितं जेवायची सवय लागलीय."

त्या दिवशी नवऱ्याची पाळी होती. तो जायला तयार नव्हता, पण बदली माणूस मिळेना. मी आप्पांना आत बसवलं, मागच्या दाराला कडी घातली. चाकू मात्र त्यांच्या कमरेलाच होता. मी मागितला, त्यांनी दिला नाही, आणि मला ओढाताण करायची नव्हती. ऊन उतरत होतं. मी मोरीत भांडी घासत होते. पाण्याच्या आवाजात मला बटनाचा आवाज आला नाही.

बाहेर आले तर मागचं दार उघडं. मासेवाल्याचा तो वार होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तो नेहमीसारखा बाजूच्या बोळातनं परसात आला असणार, हाक दिली असणार, आप्पांनी कडी काढून चिलापी घेतल्या असणार. चुलीजवळच्या फरशीवर मासे साफ करून ठेवलेले होते. आप्पा एका हातात ताटली आणि दुसऱ्या हातात चाकू घेऊन उसाकडं चालले होते.

मला आधी तो दिसलाच नाही. बांधावर वाळलेलं पाचट पडलं होतं, त्याच रंगाचं काहीतरी. मग दोन कान दिसले. मग सगळं डोकं. तो पुढचे पाय पसरून पडला होता आणि आप्पांच्या हातातल्या ताटलीकडं पाहत होता.

मी पळत गेले नाही. मला पळताच आलं नाही. मागनं जाऊन आप्पांचं मनगट धरलं.

"वरडू नको," ते हळू आवाजात म्हणाले. "बुजंल त्यो."

"आप्पा, घरात चला."

"त्याचं जेवान ऱ्हायलंय." त्यांनी हिसका दिला. माझी पकड घसरून पात्यावर गेली. तळव्यात काहीतरी गार गेल्यासारखं वाटलं, दुखलं नाही. बिबट्यानं डोकं वर केलं.

"आप्पा," मी म्हटलं, "दोन नंबरला गाडी लागली. ताटं मांडायचीत."

ते थांबले. "मेल का?"

"व्हय, मेल. माणसं खोळंबलीत."

"आन् तू हितं काय करतीस मग?" असं म्हणत त्यांनी ताटली तिथंच खाली ठेवली आणि घराकडं वळले. भराभर चालायला लागले. मी त्यांच्यामागं उलट्या पावलांनी चालत होते, तोंड उसाकडं करून. हातातनं रक्त टपकत होतं आणि मनात एकच होतं, की पडायचं नाही.

तो उठला. मला वाटलं होतं तो उसात पळेल किंवा अंगावर येईल. त्यातलं काहीच झालं नाही. तो सावकाश बांध उतरून ताटलीपाशी आला. आमच्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. रोजच्या माणसानं रोजच्या पंगतीला येऊन बसावं तसा आला. मी दार लावून कडी घातली, आणि पलीकडनं स्टीलची ताटली दगडावर घासल्याचा आवाज येत राहिला. आप्पा आत ताटं मांडत होते. घरात होती नव्हती तेवढी सगळी ताटं त्यांनी जमिनीवर ओळीनं मांडली.

शिरूरच्या दवाखान्यात माझ्या तळव्याला टाके पडले. अंगठ्याच्या बाजूचं मांस कापलं होतं. शीर थोडक्यात वाचली, असं डॉक्टर म्हणाले. आप्पांना भाऊ येऊन दौंडला घेऊन गेला. जाताना त्यांनी म्यान स्वतःच काढून माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "हाताला काय झालं गं?" मी म्हटलं, विळी लागली. "जपून," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

पिंजरा आला. आत शेळी बांधली. काही दिवस तो फिरकलाच नाही. मग शेजारच्या वस्तीवरची कालवड गेली, दिवसाढवळ्या, गोठ्याच्या दारातनं. ती माणसं मला तोंडावर काही बोलली नाहीत. पण आमचं कालवण त्यांच्या घरी जायचं, आणि वास कुठनं सुरू झाला हे त्यांनाही माहीत होतं. शेवटी एका सकाळी पिंजऱ्याचं दार पडलेलं सापडलं. गाव लोटलं. सगळ्यांचे मोबाईल वर होते. मी लांबूनच पाहिलं. तो गजांना तोंड घासत होता, नाकाला रक्त आलं होतं. नर आहे, तरणा आहे, असं वनखात्याची माणसं म्हणाली. लोकांना हायसं वाटलं. मलाही वाटलं.

आप्पा आता भावाकडंच असतात. भावजय त्यांना मटार सोलायला देते, मेथी निवडायला देते. खिडकीतनं गाड्यांचे आवाज येतात, त्यानं ते शांत असतात म्हणे. मी रविवारी जाते तेव्हा मला जयभीम करतात.

थंडीत आमच्या मागच्या उसाला तोड लागली. टोळी सकाळपासून कापत आत सरकत होती. दुपारी कोयत्यांचे आवाज एकदम थांबले आणि मुकादमानं नवऱ्याला हाक मारली. मीही मागं गेले. परसापासून फार आत नाही, उसाचा एक कोपरा बसून बसून दबलेला होता. तिथं केस होते, माशांचे काटे होते, वासराचं जबड्याचं हाड होतं. आणि पाण्यानं मऊ झालेल्या सरीत ठसे होते, ताजे. मोठा एक, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी लहान लहान, माझ्या अंगठ्याएवढ्या गादीचे.

"मादी हाय ही. हिची पिल्लं हायती," मुकादम म्हणाला. "धरला त्यो दुसरा."

बायकांनी पोरांना उचलून ट्रॉलीवर बसवलं. पुरुषांनी डबे वाजवले, फटाके लावले. काहीच बाहेर आलं नाही. मग अंधाराच्या आत काम उरकायचं ठरलं आणि ते भराभर कापत सुटले. संध्याकाळपर्यंत सगळं रान मोकळं झालं, तरी ती कुठं दिसली नाही. आमच्या मागच्या दारातनं पहिल्यांदाच पार पलीकडचं दिसलं. पलीकडं शेजाऱ्याचा ऊस उभा होता, डोक्याच्या वर गेलेला, आणि त्याला तोड लागायला अजून पुष्कळ अवकाश होता.